बारावा फर्मा

आमचे जावई पुस्तकं बांधतात कमी आणि वाचतात जास्त. जावयाला नावं ठेवू नयेत म्हणतात. ज्यांचे जावई दूर राहतात त्यांनी खुशाल म्हणावं. माझे जावई वीस वर्षं माझ्याच दुकानात, माझ्यासमोरच्याच टेबलाशी बसतात आणि मला देवानं दोन डोळे दिलेले आहेत.

त्या मंगळवारीही तेच चाललं होतं. उजव्या हातात खळीचा ब्रश, डाव्या हातात पुस्तकातून सुटा झालेला एक फर्मा. ब्रशावरची खळ वाळून कडक झाली तरी हात हवेतच. मी म्हटलं, पुस्तक चिकटवायचं आहे की त्याला वारा घालायचा आहे? ते म्हणाले, "हो आई," आणि पान संपवूनच हलले. वीस वर्षांत माझ्या टोमण्यांना त्यांच्याकडून ‘हो आई’पलीकडे उत्तर आलेलं नाही, आणि त्या ‘हो’नंतर काही झालेलंही नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

आमचं काम सोपं दिसतं. वाचनालयाची फाटकी पुस्तकं येतात. ती उसवायची, जुना सरस खरवडायचा, फाटलेल्या घड्यांना पातळ कागद लावायचा, पुन्हा शिवायची, पुठ्ठा चढवायचा. पुस्तक उसवलं की त्याचे सोळा-सोळा पानांचे गठ्ठे होतात, त्याला आम्ही फर्मा म्हणतो. घोळ इथंच होतो. लोक पुस्तक हातात धरून वाचतात, आमचे जावई फर्म्याफर्म्यानं वाचतात. दुरुस्त केलेला फर्मा डावीकडून उजवीकडे ठेवायचा, तर मध्ये त्यांचे डोळे आडवे येतात. मी चौथीपर्यंत शिकले. मला अक्षर ओळखता येतं, पण वाचायला बसले की ओळीच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरते. तरीही माझ्या हातून चुकीचं पुस्तक बाहेर गेलेलं नाही. त्यासाठी वाचावं लागत नाही. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर छापखान्यातूनच एक काळी खूण येते, आधीच्यापेक्षा जराशी खाली. गठ्ठा नीट लावला की पाठीवर जिना दिसतो. एक पायरी जरी तुटली तरी समजायचं, काहीतरी गळलं. शिलाईच्या आधी प्रत्येक पुस्तकाचा जिना मीच बघते, आणि मागच्या कोऱ्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक फुली मारते. चाळीस वर्षं ती फुली म्हणजे आमच्या दुकानाचा शब्द आहे.

जावई पूर्वी ड्रम वाजवायचे. चौघांचा रॉक बँड होता. क्लबात, हॉटेलांच्या हॉलमध्ये वाजवायचे, केस खांद्यापर्यंत. माझी लेक ठकी एकदा मैत्रिणीबरोबर ऐकायला गेली आणि सहा महिन्यांनी ड्रमवाल्याला घेऊन घरी आली. मी तेव्हाच म्हटलं होतं, गिटारवाला आणला असतास तर निदान पुढं उभा तरी दिसला असता, हा सगळ्यांच्या मागं बसणारा कुठून शोधलास? ठकी म्हणाली, "मागं बसणाराच सगळ्यांना चालवतो, आई." पुढं बँडचा गाणारा दुसऱ्या शहरात गेला, बँड मोडला, ड्रम माळ्यावर गेले. आमच्या मालकांना, म्हणजे ठकीच्या वडिलांना, तेव्हा धाप लागत होती, दुकानात एक हात कमी पडत होता, म्हणून मी जावयांना हातोडी दिली. पुस्तकाच्या पाठीला गोलाई द्यायची तर हातोडी एकसारखी पडावी लागते. कमी नाही, जास्त नाही. पहिल्या दिवशी त्यांनी जी गोलाई दिली ती बघून मालक मला हळूच म्हणाले, ह्याला ठेवून घे. मी ठेवून घेतलं. तोंडावर स्तुती केली नाही. जावई असला म्हणून काय झालं.

वाचनालयात रॉकवाल्यांच्या चरित्रांचं एक कपाट आहे. सगळ्यात जास्त फाटतं ते तेच. त्यामुळं ती पुस्तकं आमच्याकडं फिरून फिरून येतात, आणि जावयांना आयतंच घबाड. मी ती वाचलेली नाहीत, पण खळ लावता लावता जावयांनी सांगितलेली सगळी मला पाठ आहेत. सगळ्यांची कथा एकच. लहानपणी घरात खायला नाही, बाप कुठंतरी गेलेला, आई काहीतरी विकून गिटार आणते. मग नाव होतं, मग बाटली येते, मग चौघांचं भांडण, मग एवढा मोठा बंगला आणि त्यात भांडी घासायला कोणी नाही. मी एकदा विचारलं, ह्या सगळ्या पुस्तकांत ती आई पुढं कुठं जाते? जावई बोटांवर पुस्तकं मोजत म्हणाले, बहुतेकांत ती चाळिसाव्या पानानंतर दिसत नाही. मी म्हटलं, मग ती पुस्तकं खोटी. तेव्हापासून ते पुस्तक सांगायला लागले की आधी आई किती पानांपर्यंत आहे ते सांगतात.

फक्त रॉकवाल्यांचंच वाचतात असं नाही. समुद्राच्या तळाशी उतरणाऱ्या पाणबुड्याच्या आठवणी, दीपगृहात एकटीनं तीस वर्षं काढलेल्या बाईची डायरी, एका घड्याळजीनं लिहिलेलं आपल्या बहिरेपणाबद्दलचं पुस्तक. हे शेवटचं मलाही बरं वाटलं. आणि हे सगळं गिऱ्हाइकांना सांगायची खोड. एक दाताचे डॉक्टर आपली मासिकं बांधायला घेऊन आले होते. जाताना खिशात जावयांनी लिहून दिलेली पाच पुस्तकांची यादी. आठ दिवसांनी परत आले ते मासिकं न्यायला नव्हे, तिसऱ्या पुस्तकावरून भांडायला. दोघं तासभर काउंटरशी उभे राहून वाद घालत होते, की गाणाऱ्याच्या घरातल्या गोष्टी ड्रमवाल्यानं लिहाव्यात की नाही. बाहेर तीन गिऱ्हाइकं ताटकळत होती.

ती यादी मी वीसदा तरी पाहिली असेल. खालची नावं बदलत राहायची, सगळ्यात वरचं एकच असायचं. एका ड्रमवाल्याचं आत्मचरित्र. बँडचं नाव व्हायच्या एक वर्ष आधी हा बाहेर पडला आणि जन्मभर दुसऱ्याला आपल्या जागी वाजवताना ऐकत राहिला. जावई प्रत्येकाला सांगायचे, एकच वाचणार असाल तर हे वाचा.

त्या मंगळवारी ते पुठ्ठे आणायला बाहेर गेले आणि वाचनालयाच्या ग्रंथपालबाई दुकानात आल्या. एरवी त्यांचा शिपाई गठ्ठा आणतो. बाई स्वतः आल्या, हातात एकच पुस्तक, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी वाकडं आहे. वय तिशीचं, पण मला आजी म्हणतात. मी हिची आजी कधी झाले देव जाणे.

बाईंनी पुस्तक माझ्यापुढं ठेवलं, जावयांच्या यादीतलं सगळ्यात वरचं तेच. आतून एक कागद काढला, पोस्टातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थानं सुवाच्य अक्षरात लिहिलेला. बाईंनी तो वाचून दाखवला. पान एकशे शहात्तरनंतर एकदम एकशे त्र्याण्णव येतं. सोळा पानं नाहीत. फाडलेली नाहीत, शिलाईतच नाहीत. त्यांनी लिहिलं होतं, मी चाळीस वर्षं पत्रं योग्य घरी पोहोचवली, आपल्या वाचनालयाला एक गोष्ट सलग देता येऊ नये ह्याचं वाईट वाटतं. शेवटी त्यांनी विचारलं होतं, त्या ड्रमवाल्याला गादीच्या कारखान्यात काम मिळालं तिथपर्यंत मी आलो आहे, पुढं काय झालं ते कृपया कळवावं.

मी म्हटलं, आमच्याकडून असं होणं शक्य नाही. दुसऱ्या कोणाकडून बांधून घेतलं असेल. बाईंनी मागचं कोरं पान उघडलं. कोपऱ्यात फुली होती. वर वाचनालयाचा शिक्का, त्यात तारीख. अकरा वर्षांपूर्वीची.

तारीख मला वाचायला वेळ लागला नाही. ठकीला जाऊन नऊ दिवस झाले होते त्या दिवशी. घरात बसवेना म्हणून मी दुकानात येऊन बसले होते. पुढ्यात जे येईल त्याचा जिना बघून मी फुल्या मारत होते. जिना बघत होते असं मला वाटत होतं. आपलेच दात, आपलेच ओठ.

बाई बिचारी वाईट बोलली नाही. तिनं एवढंच सांगितलं, की आजवर कोणी तक्रार केली नव्हती, पण शनिवारी साठ्याची तपासणी आहे, अपुरं पुस्तक ठेवता येत नाही, नोंदीतून काढून टाकावं लागेल. दुसरी प्रत कुठल्याच शाखेत नाही, प्रकाशकाकडं चौकशी केली, तो धंदाच बंद झाला आहे. ती सोळा पानं इथं कुठं पडली असतील तर बघा म्हणाली. अकरा वर्षांनी. मी हो म्हटलं, आणि ती गेल्यावर दाराला कडी घातली.

जावई पुठ्ठे घेऊन मागच्या दारानं आले. टेबलावरचं पुस्तक त्यांनी पाहिलं. पुठ्ठ्यांची चळत त्यांनी इतकी सावकाश खाली ठेवली, की आवाज झाला नाही. माझ्या मनात तोवर काही नव्हतं, पण त्यांचा चेहरा बघून कळलं, की ह्यांना सोळा पानांचा पत्ता ठाऊक आहे.

"बारावा फर्मा कुठं आहे?" मी विचारलं.

"माझ्याकडं."

"तुमच्याकडं म्हणजे?"

"वर. कपाटात."

मी खुर्चीवर बसले. ते उभेच राहिले आणि भिंतीकडं बघत बोलले. स्वतःबद्दल एवढं सलग बोललेलं मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. ठकी हॉस्पिटलात होती तेव्हा हे पुस्तक दुकानात उसवलेलं होतं. ठकीनंच सांगितलं होतं, रिकाम्या हातानं येऊ नकोस, वाचायला काहीतरी आण. तर ते रोज एक फर्मा दुरुस्त करायचे, तेवढाच खिशात घालून न्यायचे, तिला वाचून दाखवायचे आणि संध्याकाळी परत आणून गठ्ठ्यात ठेवायचे. उद्याचं आज वाचायचं नाही असं दोघांचं ठरलं होतं. अकरा दिवस, अकरा फर्मे. "बाराव्या दिवशी बारावा नेला," ते म्हणाले आणि थांबले.

पुढचं सांगायची गरज नव्हती. पुढं मीच होते.

तो दिवस मी नात्यागोत्यात किती जणांना सांगितला असेल. सांगताना मी नेहमी जावयांपासून सुरुवात करायची. सकाळी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की आता दिवसांची भाषा नको. जावयांनाही सांगितलं होतं. दुपारी मी डबा घेऊन वॉर्डाच्या दारात पोहोचले तर हे स्टुलावर बसून त्या कुठल्याशा दारुड्या वाजंत्र्याची गोष्ट वाचताहेत आणि दोन बोटांनी पलंगाच्या दांडीवर ठेका धरून दाखवताहेत. ठकीचे डोळे मिटलेले होते. मी त्यांना बाहेर व्हरांड्यात बोलावलं आणि वॉर्डभर ऐकू जाईल असं बोलले. माझी लेक चालली आहे आणि तुम्ही तिला असलं ऐकवता, लाज नाही वाटत? आत पाऊल टाकू नका. त्यांनी हातातल्या कागदाची चौघडी केली, खिशात घातली, ‘हो आई’ म्हणाले, आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिले. मी दिवेलागणीला त्यांना आत बोलावलं. तोवर ठकी कोणालाच ओळखत नव्हती.

हे मी अकरा वर्षं सांगत आले, जावयाचं डोकं कुठं चालतं त्याचा नमुना म्हणून. ऐकणारे मान हलवायचे. एकच गोष्ट मी कधी सांगितली नाही. ठकीचे डोळे मिटलेले होते, पण ओठ हसत होते. ते मी दारातून पाहिलं होतं.

"आणा तो," मी म्हटलं.

"आई, दुसरं काहीही मागा."

"पुस्तक शनिवारी रद्दीत जाईल. दुकानाचं नाव जाईल. तो पोस्टातला माणूस तिकडं वाट बघत बसला आहे."

"मी लिहून देतो चूक माझी आहे म्हणून. तुमची फुली आहे ना, तिचं मी सांगतो बाईंना." मग खालच्या आवाजात म्हणाले, "ते तिथंच थांबलंय, आई. थांबू द्या."

मला तेव्हा कळायला थोडा वेळ लागला. मी विचारलं, थांबलंय म्हणजे? त्यांनी सांगितलं, की त्या दिवशी एकशे चौऱ्याऐंशी पान संपत आलं होतं. त्यापुढं त्यांनीही वाचलेलं नाही. अकरा वर्षांत नाही. फर्मा कोऱ्या कागदात गुंडाळून ठेवला, आणि त्याच्यापुढचे फर्मे शिवताना डोळे दुसरीकडं ठेवले.

गावभर सांगत सुटायचं, एकच वाचणार असाल तर हे वाचा, आणि स्वतः अर्ध्यावर. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी ह्यावरून त्यांना आठवडाभर सोलून काढलं असतं.

मी म्हटलं, मला दाखवा तरी. दाखवा म्हटल्यावर ते गेले. जिन्यावर त्यांची पावलं वर गेली, बराच वेळ काही ऐकू आलं नाही, मग खाली आली. कागदात, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, सोळा पानं. बाइंडर असून त्यांनी ती बांधली नव्हती. चार घड्यांच्या रेघा अजून स्पष्ट होत्या.

मी ती हातात घेतली, पाठीवरची काळी खूण बघितली. गळलेली पायरी ती हीच. मग मी त्यांच्यासमोर स्टूल सरकवलं.

"वाचा."

ते स्टुलाशी आले, बसले मात्र नाहीत.

"मला वाचता येत असतं तर तुम्हाला सांगितलं नसतं. जिथं मी थांबवलं तिथून वाचा."

त्यांना पान सापडायला वेळ लागला नाही. पहिल्या चार-पाच ओळी नुसत्या शब्दांच्या ठेचा खात गेल्या. मग आवाज लागला. मी ह्या माणसाला वीस वर्षं तोंडी गोष्टी सांगताना ऐकलं आहे, वाचताना त्या एका दुपारी दारातून जेवढं कानावर पडलं तेवढंच. चांगलं वाचतात. घाई करत नाहीत. स्वल्पविरामालाही त्याचा वेळ देतात.

गोष्ट अशी होती. तो ड्रमवाला गादीच्या कारखान्यात कामाला आहे. दिवसभर स्प्रिंगा दाबून बघायच्या, ढिली असेल ती बाजूला काढायची. त्याच्या जुन्या बँडचं गाणं आता रेडिओवर रोज लागतं. त्याची आई थकलेली, कानानं थोडी कमी. ती रेडिओजवळ बसून विचारते, हा ड्रम तूच वाजवतोस ना रे? आणि हा म्हणतो, हो. खरं सांगायला जीभ वळत नाही. आई सगळ्या गल्लीला सांगत सुटते. शेजारणी येऊन ऐकून जातात. हा कारखान्यातून आला की मान खाली घालून जेवतो. दोन वर्षं असं चालतं. मग एक शेजारीण कुठूनतरी खरं शोधून आणते आणि सगळ्यांसमोर म्हातारीला सांगते, की रेडिओवर वाजवणारा तुझा मुलगा नाही, दुसराच कोणी आहे. हा दारातच उभा असतो. त्याला वाटतं, आता संपलं. म्हातारी रेडिओ बंद करते आणि म्हणते, "मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. माझ्या मुलाचा हात एवढा चांगला कुठं होता?"

मला हसू फुटलं. आवरताच आलं नाही. दुकानात, भरदुपारी, दाराला कडी, समोर ही सोळा पानं, आणि मी तोंडावर हात धरून हसते आहे. जावयांनी वर पाहिलं आणि तेही हसले. वाचायचे थांबले, पुन्हा हसले, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

ठकी ह्याच्यावर हसली असती. कोणाला डोळ्यांपुढं आणून हसली असती तेही मला कळलं. असली म्हातारी तिला काही पुस्तकात शोधावी लागली नसती. घरी आल्यावर तिनं मला ही गोष्ट दहादा ऐकवली असती, आणि दहाही वेळा मी तिला रागावले असते.

हे पान एकशे अठ्ठ्याऐंशी होतं. मी त्यांना बाहेर काढलं तिथून चार पानं पुढं. चार पानांना किती वेळ लागतो? मी डबा उघडून ताट वाढेपर्यंत वाचून झाली असती.

"पुढं वाचा," मी म्हटलं.

ते वाचत गेले. पुढं विशेष काही नव्हतं. म्हातारीचा दमा, कारखान्यातला संप, एक नवीन ट्रांझिस्टर. पान एकशे ब्याण्णव आलं आणि वाक्य अर्ध्यावर तुटलं. ड्रमवाल्याला जुन्या गाणाऱ्याचा निरोप येतो आणि तो कोट अंगात घालून, एवढ्यावरच फर्मा संपला. जावयांनी मान वर केली नाही. मी टेबलावरचं पुस्तक त्यांच्यापुढं सरकवलं. तेरावा फर्मा त्यात होता, जिथं असायला हवा तिथंच. त्यांनी एकशे त्र्याण्णव उघडलं, वाक्याचा उरलेला अर्धा भाग वाचला. तो कोट अंगात घालून पुन्हा काढून ठेवतो. जात नाही.

मग त्यांनी पुस्तक मिटलं. बाकीचं सावकाश वाचीन म्हणाले.

पुस्तक त्यांनीच उसवलं. मी काही सांगितलं नाही. दोरा कापताना ते एरवी सुरीला झटका देतात, आज एकेक टाका सोडवला. पाठीवरचा सरस खरवडून सगळे फर्मे मोकळे केले, बारावा अकरा आणि तेराच्या मध्ये सरकवला, गठ्ठा ठोकून सारखा केला आणि माझ्यापुढं धरला. मी जिना बघितला. वरपासून खालपर्यंत, बोट लावून, एकदा आणि पुन्हा एकदा. पायऱ्या सगळ्या होत्या.

पण एक अडचण राहिली. अकरा वर्षांपूर्वी शिवल्यावर बाकीच्या पानांच्या कडा मशीनवर कापून सारख्या केल्या होत्या. हा फर्मा तेव्हा खिशात होता, त्यामुळं तो जुन्या मापाचा. तिन्ही बाजूंनी गव्हाच्या दाण्याएवढा बाहेर येत होता. असलं पुस्तक आमच्या दुकानातून कधी बाहेर गेलेलं नाही. ते गठ्ठा घेऊन कटिंग मशीनपाशी गेले, पातं वर केलं, आणि तसेच उभे राहिले.

"कापू, आई?"

कापायलाच हवं होतं. शिकाऊ माणसालाही ते कळलं असतं. त्या कडेला, घडीची रेघ जिथं येऊन पोहोचत होती तिथं, त्यांच्या बोटांचे जुने डाग होते. खळीचे असतील.

मी म्हटलं, "राहू द्या."

"वेडंवाकडं दिसेल."

"दिसू दे. कोणी विचारलं तर माझं नाव सांगा."

त्यांनी पातं खाली घेतलं. टेबलाशी येऊन दोरा ओवला. मी समोर बसले आणि त्यांना शिवताना बघत राहिले. सुई घडीतून आत जायची, पट्टीवरून वळून बाहेर यायची. अकरावा झाला. बारावा उघडून त्याच्या पोटात सुई घालताना त्यांचा हात थांबला, फक्त एक क्षण. मग दोरा ओढला गेला. तेरावा घेतला तेव्हा मी बोलले. वर न बघता बोलले असते तर सोपं गेलं असतं, पण मी वर बघून बोलले.

"त्या दिवशी तुमची एकच चूक झाली, जावईबापू. तुम्ही माझं ऐकलंत."